दुसरी वही

सर चष्मा विसरायचे. दिवसातून चार वेळा, आणि चारही वेळा एकाच खोलीत. मी बरण्यांचं तापमान घेऊन, वहीत लिहून बाहेर पडले की सर माझ्यामागं बाहेर यायचे, दहा पावलं चालायचे, खिसा चाचपायचे आणि म्हणायचे, "विद्यार्थी, तुम्ही व्हा पुढं. माझा चष्मा राह्यला." मग ते परत खोलीत जायचे आणि पाच-सात मिनिटांनी काचा पुसत बाहेर यायचे. मला वाटायचं, वय झालंय.

वय तसं फार नव्हतं. पन्नाशीच्या आसपास असतील. उंच, काळेसावळे, पायात काही नाही. द्राक्षाच्या ओळींत शिरताना चप्पल काढून ठेवायचे ते बहुधा संध्याकाळीच परत घालायचे. जालन्याहून अंबडच्या रस्त्याला सरकारी फळबाग होती, तिथले ते प्रमुख. प्रमुख म्हणजे काय, एक माळी, चार मजूर, दोन विहिरी आणि दोन एकर द्राक्ष. इतका शिकलेला माणूस या माळावर कसा, याची गोष्ट बागेतला माळीच सांगायचा. सरांच्या आधीच्या बागेत मोठे साहेब पाहणीला आले होते आणि भाषणात म्हणाले, आपल्याकडं अंदाजे तीन एकर द्राक्ष आहे. सर सगळ्यांसमोर उठले, टेप घेऊन आले आणि साहेबांना म्हणाले, "चला, मोजू." त्यानंतर बदली झाली.

'अंदाजे' हा शब्द त्यांच्यापुढं चालत नव्हता. 'सुमारे' चालत नव्हता. पेन्सिल चालत नव्हती. वेलीवर किती घड आहेत असं विचारल्यावर माळी एकदा "असतील पाच-सहा" म्हणाला. सरांनी त्याला भर उन्हात परत पाठवलं. तो आला आणि म्हणाला, सात. "बघा," सर म्हणाले, "पाच बी न्हाई आणि सहा बी न्हाई."

मी तेव्हा एम.एस्सी.ला होते, फळबागशास्त्र. वर्गात मुलगी मी एकटीच. बाकीच्यांनी मोसंबी, आंबा, पेरू असे विषय घेतले. मी द्राक्ष घेतलं, आणि त्यातही आपल्याकडच्या कोणत्या द्राक्षाची वाइन होऊ शकते आणि आपल्या उन्हात ती टिकते का, हा विषय. विषय सरांनीच सुचवला होता. वडीगोद्रीकडचे बागायतदार टोपल्या भरून माल रस्त्यावर आणायचे, ट्रक यायचा नाही, आणि चार दिवसांत तो माल तिथंच सडायचा. सर म्हणायचे, सडायचंच आहे तर आपण सांगू तसं सडू द्या.

पहिल्याच दिवशी मी खोलीत गेले तर माळ्यानं खुर्ची पुढं केली. सरांनी ती मागं सारली आणि मला 'विद्यार्थी' म्हणून हाक मारली. मी म्हटलं, सर, विद्यार्थिनी. ते म्हणाले, "विद्यार्थिनी म्हणलं की लोक खुर्ची मांडतेत. तुम्हाला खुर्ची पाहिजे का खुरपं?" तेव्हापासून शेवटपर्यंत मी विद्यार्थीच राहिले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी सांगितलं, "घरून कागद आणा. वडलांच्या सहीचा. काय करणार ते साफ लिहिलेलं पाहिजे. वाइन म्हणजे वाइन. रस, सरबत असलं काही नको."

तिथं माझा पाय अडकला.

आमचं घर जालन्यात, मस्तगडात. वडील नगरपालिकेच्या शाळेत मास्तर. छप्पन साली धम्म घेतलेल्यांपैकी आमचं घर. बाबांनी घरातले देव काढले तसे गल्लीतले दारूचे गुत्तेही काढायला लावले. त्यासाठी दोनदा मार खाल्ला. त्यांचा धाकटा भाऊ हातभट्टीची पिऊन मेला होता. तो मेला तेव्हा त्याचं लग्न होऊन आठ महिने झाले होते. त्या बाबांना मी सांगितलं होतं की मी फळांचे रस आणि जेली यांचा अभ्यास करते. ते शाळेत सगळ्यांना सांगायचे, आमची पोरगी फळं टिकवायचं शास्त्र शिकून राह्यली.

तीन दिवस मी कागद पिशवीत घेऊन फिरले. चौथ्या दिवशी सकाळी बसस्टँडच्या बाकावर बसून संमतीपत्र लिहिलं आणि खाली बाबांची सही केली. प्रगतिपुस्तकांवर ती इतकी वर्षं पाहिली होती की एका झटक्यात उतरली. सरांनी पत्र वाचलं, घडी घातली आणि दारूबंदी खात्याकडं परवान्यासाठी जाणाऱ्या फायलीला जोडलं. ते सरकारी फायलीत जाणार आहे हे मला तेव्हा कळलं. मी खुरपं उचललं आणि ओळीत शिरले.

हंगाम जवळ आला तसा सरांनी माझं तिखट बंद केलं. कांदा, लसूण, मिरची, चहासुद्धा. द्राक्ष चाखून तोडणीचा दिवस ठरवायचा होता. "जीभ हे आपलं यंत्र हाय. यंत्रात कोणी ठेचा घालतं का?" ते स्वतः दही-भाकरीवर राहायचे. मी घरी ताटातलं तिखट कोरड्यास बाजूला सारायला लागले. आईनं चार दिवस पाहिलं आणि पाचव्या दिवशी विचारलं, "उपास धरला का तू? आपल्यात उपास न्हाईत आता." मी म्हटलं, पोट बरं नाही. त्यावर ती माझ्याकडं बघतच राहिली. रोज ताटावर बसायची भीती वाटायची. एक खोटं जपायला किती बारीक बारीक खोटं लागतं, ते त्या महिन्यात कळलं.

मार्चमध्ये घड उतरवले. रस काढून बरण्या भरल्या. बेंगलोर परपल आणि अनाबेशाही या दोन जातींच्या मिळून चाळीस काचेच्या बरण्या, प्रत्येकीच्या तोंडाला नळी, नळीचं टोक पाण्यात. रस आंबायला लागला की त्या पाण्यात बुडबुडे यायचे. तापमान तीसच्या वर गेलं की रस आंबवणारं खमीर दमायला लागतं आणि रस बिघडतो. बाहेर अडतीस. आम्ही खोलीच्या पत्र्यावर उसाचं पाचट टाकलं होतं, बरण्या पाण्याच्या परातीत ठेवल्या होत्या आणि भोवती ओली पोती गुंडाळली होती. दुपारी एकचं वाचन सगळ्यात अवघड. एकोणतीस, साडेएकोणतीस. अर्ध्या अंशासाठी मी श्वास धरून उभी राहायचे. मग लिहायचे, बाहेर पडायचे, आणि सर चष्म्यासाठी मागं जायचे.

बाराव्या दिवशी संध्याकाळी मी घरी होते. बाबा ओट्यावर पेपर तपासत बसले होते. दारूबंदी खात्याचा खाकीतला एक जवान फाईल घेऊन आला. "मास्तर, तुमची पोरगी फळबागेत वाइन बनवती. तुमचं संमतीपत्र हाय. सही तुमचीच का, तेवढं विचारायला आल्तो."

शेजारच्या ओट्यावरचं बोलणं थांबलं. बाबांनी कागद हातात घेतला. वाचला. परत वाचला. मी दाराच्या आत उभी होते.

"उद्या सांगतो," बाबा म्हणाले. मग आईला हाक मारून त्यांनी जवानासाठी पाणी मागवलं.

तो गेल्यावर ते आत आले. मला वाटलं मारतील. मारलं असतं तर बरं झालं असतं. ते एवढंच म्हणाले, "वेलांटी माझ्यापेक्षा सुबक काढलीस." आणि न जेवताच झोपायला गेले.

सकाळी त्यांनी रजा टाकली. बसमध्ये आम्ही वेगवेगळ्या बाकांवर बसलो. बागेत उतरल्यावर सर ओळीतून तसेच अनवाणी बाहेर आले. बाबा उभ्या उभ्याच म्हणाले, "ती सही माझी न्हाई."

सरांनी माझ्याकडं पाहिलं. "विद्यार्थी?"

"मी केली, सर."

सरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. मग म्हणाले, "वही आणा."

मला वाटलं, फाडतील. मी खोलीतून वही आणली. तोवर सरांनी आपल्या ट्रंकेतून एक लांबट वही काढली होती. ती मी टेबलावर कितीदा पाहिली होती. उजवीकडून डावीकडं लिहिलेली. मला वाटायचं, शेरोशायरी असेल.

"मास्तर, उर्दू येती का?"

"सातवीपर्यंत उर्दूतच शिकलो. निजामाच्या राज्यात दुसरं काय होतं?"

"मंग बसा. ह्यांनी एक खोटं लिहिलंय. एकच लिहिलं का सगळंच, ते बघायचंय मला. माझी वही तुम्ही वाचा, ह्यांची मी वाचतो."

"मी त्यासाठी आलो न्हाई."

"कशासाठी आलात?"

"पोरगी न्यायला."

"न्या. पर काय घेऊन चाललात ते तर कळू द्या."

बाबा खोलीच्या दाराशी आले आणि थबकले. आंबलेल्या रसाचा वास बाहेरपर्यंत येत होता. "ह्या वासात माझा भाऊ मेला," ते म्हणाले.

"काय होतं त्या दारूत?" सरांनी विचारलं.

"काय होतं म्हंजे?"

"तपासली का कोणी?"

"कोण तपासणार? हातभट्टीची होती."

"म्हंजे माणूस कशानं मेला ते कोणी लिहूनच ठिवलं न्हाई."

मला वाटलं, आता बाबा हात उचलतात. त्यांची मूठ मी पाहिली. सर मागं सरकले नाहीत. आवाजही चढवला नाही. "मी घेत न्हाई, मास्तर. एक थेंब घेत न्हाई. पर मोजता येतं त्यानं मोजायचं सोडलं, तर न मोजणारे बनवतच राहतेत."

बाबांची मूठ सुटली. मग उंबऱ्यावर बसले, अर्धे आत, अर्धे बाहेर, आणि हात पुढं केला. सरांनी वही दिली.

तेव्हा मला चष्म्याचं कळलं. चार वेळा, बारा दिवस, चाळीस बरण्या. माझ्यामागं सरांनी प्रत्येक बरणीचं वाचन स्वतः घेतलं होतं. पाच-सात मिनिटांत चाळीस बरण्या, म्हणजे तो माणूस आत धावतच असणार.

बाबा वाचायला लागले. बरणी एक, सकाळ, चोवीस. सर माझ्या वहीत बघून म्हणायचे, चोवीस. बरणी दोन, साडेचोवीस. साडेचोवीस. बाबांचा आवाज शाळेत हजेरी घेतात तसा सपाट होता. माझं नाव त्यात कुठंच नव्हतं, तरी प्रत्येक आकड्याला माझीच हजेरी होती. मी कोपऱ्यात उभी होते. सगळ्यात वाईट हे होतं की मलाच माझी खात्री उरली नव्हती. एखाद्या दुपारी मी न बघता तर लिहिलं नसेल? पाचव्या दिवशी बस चुकली होती, मी धावत आले होते, तेव्हा?

पाचवा दिवस आला. बरणी एकोणीसला बाबा थांबले. "अठ्ठावीस."

सर म्हणाले, "इथं साडेअठ्ठावीस हाय."

सरांनी त्या पानाचा कोपरा दुमडला आणि म्हणाले, "पुढं."

दोन वाजत आले. त्या दिवसाचं एकचं वाचन राहिलंच होतं. विहिरीवर वीज नव्हती, माळी पोहऱ्यानं पाणी ओढत होता. बाबांनी एकदम वर पाहिलं आणि मला म्हणाले, "पोती सुकली. दिसत न्हाई का तुला?" आदल्या संध्याकाळनंतरचे त्यांचे मला उद्देशून ते पहिले शब्द होते. मी बादली घेऊन पळाले. परत येऊन पोती भिजवली, थर्मामीटर पाहिला. पारा तीसला टेकला होता. मी ते मोठ्यानं वाचलं, लिहिलं, आणि आमच्या तिघांच्या नजरा त्या पाऱ्यावर खिळल्या. अर्ध्या तासानं तो खाली आला.

चार वाजता वह्या संपल्या. सहा ठिकाणी अर्ध्या अंशाचा फरक होता.

बाबा म्हणाले, "सहा चुका."

"चुका न्हाईत," सर म्हणाले. "एक बी फरक नसता तर मला भेव वाटलं असतं. दोन माणसांचे आकडे तंतोतंत कधी जुळत न्हाईत. जुळले की समजायचं, एकानं दुसऱ्याचे उतरवले." आणि माझी वही त्यांनी माझ्या हातात दिली. "सही खोटी हाय. आकडे खरे हायेत."

मी रडले. मला वाटलं, सुटले.

बाबा खाली बघत म्हणाले, "मी जवानाला सांगतो, सही माझीच." बाबा खोटं बोलायला तयार झालेले मी त्या एकाच वेळी पाहिले.

"बिलकुल न्हाई," सर म्हणाले. "फायलीत खोटा कागद हाय हे आता मला माहीत झालं. मी कळवणार."

"पोरीवर केस होईल."

"मास्तर, तुम्ही खोटं बोलायला लागलात तर ह्यांना शिकवायचं कोणी?"

बाबांनी कागद मागितला आणि तिथंच उंबऱ्यावर बसून लिहिलं: माझी मुलगी वाइनचा अभ्यास करते हे मला माहीत आहे. मला ते आवडत नाही. तिला माझी परवानगी आहे. खाली सही केली. आधीचं पत्र त्यांचं नव्हतं, हे ते स्वतः जाऊन जवानाला सांगून आले.

आठ दिवसांनी खात्याचे अधिकारी आले. परवाना रद्द झाला होता आणि माल नष्ट करायचा हुकूम होता. बागेच्या कडेला खड्डा खणला. सरांनी प्रत्येक बरणी ओतायच्या आधी मला तिचं तापमान आणि गोडी मोजून लिहायला लावली. अधिकारी वैतागले, म्हणाले, आता कशाला. सर म्हणाले, "आज तिचा शेवटचा दिवस हाय. लिहायला नको?" चाळीस बरण्या. जांभळी माती, गांधीलमाश्या, आणि तो वास. मी लिहीत होते आणि मनातल्या मनात त्या माणसाचा द्वेष करत होते. एक शब्द ते न बोलते तर माझं वर्ष वाचलं असतं.

माझ्यावर केस झाली नाही. का झाली नाही, ते मी विचारलं नाही. सरांची मात्र महिन्याभरात बदली झाली, आष्टीच्या बाजूला, मोसंबीच्या रोपवाटिकेवर. द्राक्षाचा माणूस मोसंबीवर. जाताना ते मला भेटले नाहीत. मीही गेले नाही.

पुढच्या हंगामात नवीन साहेब आले. त्यांना खोलीचा वासही नको होता. परवाना मिळाला, फायलीत बाबांचं पत्र होतं. मी पुन्हा बरण्या भरल्या. पहिल्या संध्याकाळी शाळा सुटल्यावर बाबा बागेत आले. नाकाला उपरणं बांधून आत गेले आणि चाळीस बरण्यांचं तापमान एकेक करून पाहत एका नव्या वहीत उर्दूत लिहिलं. रोज फक्त संध्याकाळचं एक वाचन, पण हंगाम संपेपर्यंत एकही चुकलं नाही. शेवटच्या दिवशी आम्ही वह्या जुळवल्या तेव्हा नऊ ठिकाणी फरक निघाला आणि आम्ही दोघं एकमेकांकडं बघून हसलो.

प्रबंध झाला. बांधून आला. परीक्षकांनी पास केलं. नव्या साहेबांनी मला एकच वाक्य काढायला सांगितलं होतं. ते मी काढलं नाही. प्रस्तावनेत मी लिहिलं होतं, पहिल्या हंगामातला प्रयोग माझ्या चुकीमुळे रद्द झाला.

एक प्रत घेऊन मी आष्टीच्या बसमध्ये बसले. वाटभर वाटत होतं की हा माणूस मला ओळखही दाखवणार नाही, आणि दाखवली तर मी काय बोलणार.

सर रोपांना कलम बांधत बसले होते. मला पाहून उठले, हात धुतले, उपरण्याला पुसले. "या, विद्यार्थी." प्रबंध घेऊन ते कडुलिंबाखाली उभे राहिले आणि पहिल्या पानापासून वाचायला लागले. मी समोर उभी. त्या वाक्यापाशी त्यांचं बोट थांबलं.

"हे चुकलंय," ते म्हणाले.

"सर, पण ते खरं आहे."

"अर्धंच खरं हाय. सही न तपासता कागद फायलीत कोणी लावला? मी लावला. वरती तसंच लिहून दिल्तं मी, की चूक माझी बी हाय. तिथं एक आणि इथं एक, असं कसं चालंल?"

खिशातून पेन काढून त्यांनी 'माझ्या' या शब्दावर एक सरळ रेघ मारली. वर लिहिलं, 'आमच्या'. बाजूला बारीक सही केली, तारीख घातली आणि प्रबंध माझ्या हातात देऊन रोपांकडं वळले.

शाई ओली होती. ती वाळेपर्यंत मी ते पान उघडं धरून तिथंच उभी राहिले.